बाहेर पडण्याचा पोशाख

या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला त्या दिवशी एका वृद्ध स्नेह्यांनी आम्हांस रस्त्यातच गाठले. "लुगड्यावर तासभर बोलणार? ऐकायला येणार कोण?" असे त्यांनी विचारले; आणि आम्ही काही उत्तर देण्यापूर्वीच आपण होऊन म्हणाले, "येतील, येतील. बायका येतील आणि तुमच्या चुका काढतील." आम्ही जन्मात कधी निऱ्या चापूनचोपून बसविलेल्या नाहीत, तेव्हा त्यांची भीती अगदीच अनाठायी होती असे नाही. तरीही हा विषय आम्ही सोडला नाही. राजेरजवाड्यांच्या लढाया, तह आणि सनावळ्या यांच्यावर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले गेले आहे. पण शेपन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या घरंदाज बाईला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचे असेल, तर तिने अंगावर घालायचे काय, हा प्रश्न कोणत्या तहात सुटला हे आपण सहसा विचारीत नाही. तो सुटला एका शिंप्याच्या आणि एका आरशाच्या साहाय्याने, आणि सोडविणारी मुलगी तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती.

आधी एक गंमत पाहू. 'आपला जुना, शालीन पोशाख' असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? आत परकर, अंगात बाह्यांचे पोलके, कमरेभोवती गोल नेसलेली पाचसहा वारी साडी, पुढे निऱ्यांची चुणी आणि डाव्या खांद्यावरून मागे सोडलेला पदर. हा पोशाख किती जुना? कोणी म्हणेल पेशवाईतला, कोणी थेट रामायणापर्यंत जाईल. यातले सुटे भाग जुने आहेत यात शंका नाही. साडी जुनी, निऱ्या जुन्या, पदर तर फारच जुना. पण हे भाग एकत्र आणून, त्यांना परकर आणि पोलके यांची जोड देऊन, घरच्या आणि परक्या अशा दोन्ही डोळ्यांना पसंत पडेल असा जो एक संच तयार झाला, त्याचे वय सुमारे एकशेसाठ वर्षांचे आहे. त्याचे गाव सांगता येते, साल सांगता येते आणि करणारीचे नावही सांगता येते. गाव मुंबई, साल १८६४ आणि नाव ज्ञानदानंदिनी देवी.

कलकत्त्याच्या जोडासाँको भागातील ठाकुरांचा वाडा सर्वांना रवींद्रनाथांमुळे ठाऊक आहे. रवींद्रनाथांचे वडील महर्षी देवेंद्रनाथ. त्यांचे दुसरे चिरंजीव सत्येंद्रनाथ. ज्ञानदानंदिनी या सत्येंद्रनाथांच्या पत्नी. जन्म १८५० चा, जेसोर जिल्ह्यातला. लग्न १८५७ मध्ये, म्हणजे सातव्याआठव्या वर्षी. सत्येंद्रनाथ विलायतेस जाऊन १८६३ साली सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा उत्तीर्ण झाले. ती उत्तीर्ण होणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. पुढल्या वर्षी ते परत आले आणि सरकारने त्यांना मुंबई इलाख्यात नेमले. पत्नीला बरोबर नेण्याचा त्यांचा निश्चय होता. येथून अडचणीला सुरुवात झाली.

ठाकुरांच्या घरातील बायका त्या काळी बाहेर पडत नसत. गंगास्नानाची इच्छा झाली तर बंद पालखीत बसवून, भोयांनी ती पालखीच बाईसकट गंगेत बुडवून काढावी, असा तेथला परिपाठ होता. घरातला वेष म्हणजे एकच साडी. ती अंगाभोवती गुंडाळायची, पदर डाव्या खांद्यावर टाकायचा, पुन्हा उजव्या बगलेखालून आणून खांद्यावर घ्यायचा. आत शिवलेले वस्त्र कसलेच नाही; चोळी नाही, परकर नाही. बंगालच्या उकाड्यात आणि अंतःपुराच्या चार भिंतींत या वेषाला काही उणे नव्हते, कारण तेथे परक्या पुरुषाची नजरच पोचत नसे. भिंत हाच तिचा खरा पोशाख होता म्हणा ना! पण भिंत काही आगबोटीवर नेता येत नाही.

मग करायचे काय? घरातल्या कापडात तिला बाहेर नेता येईना, आणि बाहेर नेण्याजोगे कापड घरात नव्हते. शेवटी एका फ्रेंच दुकानात वर्दी देऊन तिच्यासाठी 'ओरिएंटल' नावाचा एक पोशाख शिवून घेण्यात आला. युरोपियन शिंप्याने आपल्या कल्पनेतली पूर्व दिशा कापडात उतरवली होती, आणि तो पोशाख इतका अवघड होता की घालायला नवऱ्याची मदत लागे. हिंदुस्थानी बाईसाठी फ्रेंच माणसाने बेतलेला हिंदुस्थानी पोशाख हिंदुस्थानी बाईलाच घालता येऊ नये, यात पुष्कळ काही आले. वाड्यातून चालत बाहेर येऊन गाडीत बसावे अशी सत्येंद्रनाथांची इच्छा होती, परंतु महर्षींनी ती मानली नाही. अखेर पालखीतूनच तिला बोटीपर्यंत पोचविण्यात आले.

मुंबईस उतरल्यावर हे जोडपे माणेकजी खरशेटजी यांच्या घरी राहिले. हे पारशी गृहस्थ स्त्रीशिक्षणाचे मोठे पुरस्कर्ते. १८६३ साली मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा त्यांनीच काढली. त्यांच्या मुली मोकळेपणी समाजात वावरत. आमच्या बंगाली सुनेने येथे प्रथमच एक नवल पाहिले. घरंदाज बायका चारचौघांत बसताहेत, पाहुण्यांशी बोलताहेत, आणि त्यांच्या अंगावर गाऊन नाही, साडीच आहे. अंगात बाह्यांचे पोलके आहे, पायांत मोजे व जोडे आहेत, साडीला सुंदर कोर लावलेली आहे आणि तिचा पदर मागून उजव्या खांद्यावरून पुढे आलेला आहे. ही साडी पारशांची तरी मूळची कोठे होती? गुजरातच्या किनाऱ्यावर उतरल्यावर त्यांनी ती तेथल्या लोकांकडून घेतली, तिच्या आत आपला धर्माचा सदरा कायम ठेवला आणि काळाप्रमाणे तिला विलायती पोलक्याची जोड दिली. म्हणजे ज्ञानदानंदिनींनी उसने घेतले ते आधीच उसने घेतलेले होते. पोशाखाच्या इतिहासात शुद्ध रक्ताचा शोध घेणाऱ्याची नेहमी अशीच फजिती होते.

त्यांनी पारशी साडी जशीच्या तशी उचलली नाही, आणि आमच्या मते त्यांची खरी बुद्धी येथे दिसते. पदर त्यांनी उजव्या खांद्यावरून काढून डाव्या खांद्यावर नेला. उजवा हात मोकळा राहावा हे त्याचे कारण सांगितले जाते. डावा खांदा बंगालच्या जुन्या नेसण्यात होताच. आपल्याकडील बहुतेक नऊवारी नेसण्यांतही पदर डावीकडेच असतो. तेव्हा देह पारशी पद्धतीचा आणि खांदा माहेरचा, अशी ही जुळणी झाली. आता शिवणाऱ्या मंडळींनी पुढचा हिशेब ध्यानात घ्यावा. जुन्या बंगाली पद्धतीत कापड छातीवरून दोन वेळा जात असे, म्हणून चोळीवाचून भागत होते. तेच कापड पुढे निऱ्यांत खर्ची घातले की वर एकच पदर उरतो. मग आत शिवलेले पोलके हवेच. निऱ्या खोचायच्या तर कमरेला घट्ट नाडी हवी आणि मलमलीतून उजेड दिसू नये म्हणून आत जाड कापड हवे. म्हणून परकर आला. पदर वाऱ्याने उडू नये म्हणून खांद्याला पिन आली. एक धागा इकडचा तिकडे केला की बाकीचे सगळे कसे हलते ते पाहा. पोलके आणि परकर हे साहेबाच्या नकलेखातर आले असे म्हणणारे पुष्कळ आहेत. साहेबाच्या बायकांचे अंगवस्त्र समोर होते हे खरे; पण ते आत शिरले ते निऱ्यांनी आणि पदराने केलेल्या जागेतून.

१८६६ साली ही बाई कलकत्त्याला परतली ती पालखीतून नव्हे. वाड्याच्या दाराशी गाडी थांबली आणि घरची सून सर्वांसमक्ष गाडीतून खाली उतरली. त्या दिवशी घरात जणू कोणी मेल्यासारखा शोक झाला, असे तिच्या नणंदेने, म्हणजे लेखिका स्वर्णकुमारी देवींनी लिहून ठेविले आहे. पुढे ती लाटसाहेबाच्या वाड्यावरील मेजवानीलाही गेली. तेथे ठाकूर घराण्यातीलच प्रसन्नकुमार हजर होते. आपल्या घरची बाई अशा जागी आलेली पाहून लाजेने ते तेथून निघून गेले. आमचे श्रोते येथे हसतील. पण थोडे थांबून विचार करावा. त्या बाईच्या अंगाचा जितका भाग झाकलेला होता तितका त्या कुळातील कोणत्याही बाईचा पूर्वी कधी झाकला गेला नसेल. मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत ती वस्त्रांत होती. मग प्रसन्नकुमारांना लाज कशाची वाटली? ती उघडी होती म्हणून नव्हे, तर बाहेर होती म्हणून. शालीनतेच्या नावाने चाललेल्या वादांत कापडाची लांबी हा पुष्कळदा बहाणा असतो. खरा वाद दाराचा असतो.

ज्ञानदानंदिनींनी आपली युक्ती स्वतःपुरती ठेविली नाही. 'बामाबोधिनी पत्रिका' नावाचे स्त्रियांसाठी निघणारे बंगाली मासिक १८६३ पासून चालू होते. त्यात त्यांनी सूचना दिली की, ज्यांना ही नेसण्याची रीत शिकावयाची असेल त्यांना आपण शिकवू. ब्राह्मसमाजातील बायकांनी ती प्रथम उचलली, म्हणून तिचे नाव 'ब्राह्मिका साडी' पडले. बंगाल्यात तिला 'बोम्बाई दस्तूर' असेही म्हणत, म्हणजे मुंबईची रीत. मुंबईच्या नावाने शहाऐंशी गोष्टी ओळखल्या जातात, त्यांत ही एक आहे हे मुंबईकरांच्या गावीही नाही. पुढे केशवचंद्र सेनांच्या कन्या, कुचबिहारच्या महाराणी सुनीतीदेवी आणि मयूरभंजच्या महाराणी सुचारुदेवी, यांनी या नेसण्यात आपापल्या परी फेरफार केले आणि ते राजघराण्यांतून पसरले, असे सांगतात.

आता थोडे आपल्या घराकडे येऊ. सत्येंद्रनाथांची सारी नोकरी आपल्याच इलाख्यात झाली. अहमदाबाद, सोलापूर, सातारा, कारवार अशा ठिकाणी ते होते. त्यांचे चिरंजीव सुरेंद्रनाथ १८७२ साली पुण्यात जन्मले. कन्या इंदिरा १८७३ साली कलादगीस. सत्येंद्रनाथांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले आणि 'बोम्बाई चित्र' या ग्रंथात आपल्या लोकांचे वर्णन केले. म्हणजे ज्ञानदानंदिनी वर्षानुवर्षे नऊवारी लुगड्यांच्या गराड्यात राहिल्या. आपल्या बायका तर त्या काळीही पुष्कळ मोकळ्या हिंडत. देवळात जात, नदीवर जात, बाजारहाट करीत, आणि चोळी त्यांच्या अंगात होतीच. असे असून नऊवारीने त्यांना भुरळ का घातली नाही? आमचा तर्क असा की कारण काष्टा हे असावे. काष्टा घातला की बाईला धावता येते, घोड्यावर बसता येते, भातलावणी करता येते. पण मागून पोटऱ्या उघड्या राहतात. मराठी डोळ्याला त्यात काही वावगे दिसत नसे. उलट सकच्छ नेसणे हेच सोवळ्याचे, आणि गोल म्हणजे विकच्छ नेसणे धर्मकृत्याला न चालणारे, अशी आपली समजूत होती. बंगाली आणि इंग्रज डोळ्याला मात्र नेमके उलट दिसले असते.

ही आमची केवळ कल्पना नव्हे, याला एक बळकट साक्ष आहे. डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव या सभागृहात परिचयाचे आहे. कल्याणला १८६५ साली जन्मलेली ही मुलगी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून एकटी अमेरिकेला निघाली. निघण्यापूर्वी फेब्रुवारीत श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात तिने इंग्रजीत भाषण केले आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ असे निक्षून सांगितले. पोशाख आणि आहार बदलायचा नाही, हा त्या निश्चयाचाच भाग. पण फिलाडेल्फियाच्या थंडीने पहिला प्रश्न टाकला आणि तेथल्या रीतिरिवाजाने दुसरा. बर्फात उघड्या पोटऱ्यांनी कसे वावरायचे? आणि जेथे स्त्रीचा घोटा दिसणे हेही असभ्य मानतात, तेथे ज्या लुगड्याची कल्याणात कोणी दखल घेतली नसती तेच निर्लज्जपणाचे दिसू लागले तर? गाऊन घालणे हा सोपा मार्ग होता. तो तिने घेतला नाही. तिने साडी ठेविली, पण गुजराती पद्धतीने गोल नेसावयास आरंभ केला. गोपाळरावांच्या टपालखात्यातील नोकरीमुळे ती काही काळ भुजला राहिली होती, तेव्हा हे नेसणे तिला अनोळखी नव्हते.

ठाकुरांच्या सुनेने मुंबईत जो मार्ग काढला, जवळजवळ तोच मार्ग वीस वर्षांनी कल्याणच्या मुलीने फिलाडेल्फियात काढला. दोघींनीही परका पोशाख नाकारला, दोघींनीही घरचा पोशाख जसाच्या तसा ठेवला नाही, आणि दोघींनीही मधला तुकडा गुजरातच्या किनाऱ्यावरून उचलला. १८८५ च्या ऑक्टोबरात काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात जपानची केई ओकामी आपल्या किमोनोत आहे, सीरियाची साबात इस्लामबुली आपल्या देशच्या वेषात आहे, आणि आनंदीबाई साडीत आहेत. तिघीही त्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. पाहणारे म्हणतात, 'पाहा, आपापला जुना वेष यांनी कसा राखला!' निदान आनंदीबाईंच्या बाबतीत तरी हे अर्धेच खरे आहे. तो वेष राखलेला नव्हता, मोठ्या विचाराने घडविलेला होता. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, आणि पुढल्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचा अंत झाला.

आता ज्या बाजूबद्दल या विषयावर बोलणारे बहुधा गप्प बसतात, ती सांगितली पाहिजे. पोलके, परकर, जोडे, मोजे यांना पैसा लागतो, आणि शेतात किंवा गिरणीत राबणाऱ्या बाईला बाहेर पडण्यासाठी पोशाखाची परवानगी कधीच विचारावी लागली नव्हती. ती पोटासाठी बाहेरच होती. नवा शालीन पोशाख आला आणि त्याबरोबर ती एकाएकी अर्धवस्त्र ठरली. त्याहून कठोर प्रकार त्रावणकोरात चालू होता. तेथील नाडार बायकांना छाती झाकण्याचीच मुभा नव्हती. वरच्या जातींपुढे अंग उघडे ठेवणे हा आदर समजला जाई. ख्रिस्ती झालेल्या नाडार स्त्रियांनी अंगरखा व वरचे वस्त्र घ्यावयास सुरुवात केली, तेव्हा भर बाजारात त्यांची वस्त्रे फाडण्यात आली. १८२० नंतरच्या दशकात आणि पुन्हा १८५८-५९ साली दंगे झाले. अखेर १८५९ च्या जुलैत महाराजांनी जाहीरनामा काढून छाती झाकण्यास परवानगी दिली. पण त्यातही अट अशी की, वरच्या जातींच्या स्त्रियांप्रमाणे मात्र नेसायचे नाही! म्हणजे शालीन होण्याचा हक्क मिळाला, पण कोणत्या पद्धतीची शालीनता हे सरकार ठरविणार. ज्ञानदानंदिनी मुंबईस निघाल्या त्याच्या पाचच वर्षे आधीची ही गोष्ट आहे. एकीला झाकलेले असून बाहेर येण्याची बंदी, दुसरीला बाहेर असून झाकण्याची बंदी.

याच त्रावणकोर संस्थानातला किळिमानूरचा एक चित्रकार पुढे मुंबईस आला, आणि आपल्या विषयाचा शेवटचा घोळ त्याने करून ठेविला. राजा रविवर्मा यांना बडोद्याच्या महाराजांसाठी पुराणांतील प्रसंग रंगवायचे होते. दमयंतीने काय नेसायचे, शकुंतलेने काय नेसायचे? यासाठी त्यांनी हिंदुस्थानभर प्रवास केला. प्राचीन वेषाचा एकच एक नमुना काही त्यांना सापडला नाही, आणि सापडणार तरी कोठे होता? तेव्हा समोर दिसणाऱ्या साड्यांतून, विशेषतः आपल्या दक्षिणी नेसण्यातून, त्यांनी पुराणातल्या स्त्रियांचा पोशाख सिद्ध केला. १८९४ मध्ये त्यांचा छापखाना निघाला आणि लक्ष्मी, सरस्वती साडीचोळीत घरोघरच्या भिंतींवर जाऊन बसल्या. दोन पिढ्यांनी रोज त्यांना उदबत्ती ओवाळल्यावर, देवीच असे नेसते म्हणजे हा पोशाख सनातनच असला पाहिजे, असे लोकांस वाटल्यास नवल काय? आमच्या लहानपणी आम्हांसही तसेच वाटे.

महाराष्ट्रात गोल पातळ सहजासहजी रुळले नाही, हे आजीआजोबांकडून ऐकलेले श्रोत्यांत पुष्कळ असतील. शाळाकॉलेजांतील मुली पाचवारी नेसू लागल्या तेव्हा 'हे काय नखऱ्याचे नेसणे?' म्हणून त्यांना बोलणी खावी लागली. कलकत्त्यात जे नेसणे मर्यादेचे म्हणून पुढे आले तेच येथे छचोर ठरले. पुढे पाचवारी ही सासूबाईंची साडी झाली, आणि तिच्याच नावाने सुनेच्या पंजाबी पोशाखाला नावे ठेवली जाऊ लागली. हा क्रम कोठे थांबेल असे आम्हांस दिसत नाही.

आणि नऊवारी? ती आता परत आली आहे, पण शिवून. गुढीपाडव्याच्या मिरवणुकीच्या आधी कापडबाजारात एकदा फेरी मारावी. काष्टा कायमचा शिवलेला, निऱ्या टाके घालून बसविलेल्या, कमरेला हूक किंवा नाडी. पायजम्यासारखी चढवली की दोन मिनिटांत आजीबाईंचा काळ अंगावर. आमच्या नात्यातल्या एका मुलीला अशी साडी शिवावयाची होती, म्हणून आम्हीही तिच्याबरोबर शिंप्याकडे गेलो होतो. त्याने कमरेचे, उंचीचे माप घेतले, काठ कोठे यावा ते विचारले. घरात जिची थोडीफार सवय उरली होती ती आत्या बरोबर होती; तिने काष्टा दोन बोटे खाली घ्यायला सांगितला, पोटऱ्या फार दिसू नयेत म्हणून. मुलीने ते मान्य केले आणि मग शिंप्याला विचारले, "यात खिसा ठेवता येईल का? मोबाईल आणि गाडीची किल्ली ठेवायला." शिंपी क्षणभर विचारात पडला, निऱ्यांच्या आतल्या बाजूला बोट ठेवून म्हणाला, "येथे बसेल." आणि त्याने वहीत तसे टिपून घेतले.